ब्रिटिशांच्या पलटणीत लढलेले आपले आजोबा-पणजोबा

वाशिष्ठीकाठ
माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात जंगी पलटणीत होते. म्हणजे तेव्हाच्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. चिपळूणजवळच्या आमच्या वाडीतून त्या काळी चार-पाच जण भरती झाले होते. आजोबा इटलीला गेले आणि धडधाकट परत आले. पुढची सगळी वर्षं भातशेती केली. लढाईबद्दल फारसं बोलायचे नाहीत. विषय निघालाच तर एवढंच सांगायचे, "एक नदी ओलांडली की पुढं दुसरी. नद्या संपतच नव्हत्या."

गेल्या महिन्यात माळा आवरताना त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. आत डिस्चार्जचा कागद होता, घडीवर फाटलेला. तीन पदकं, त्यातल्या एकाच फितीचे रंग अजून ओळखू येतात: तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा. आणि एक खाकी गळपट्टा, कसरीने खाल्लेला. आजी थंडीत तो डोक्याला गुंडाळायची हे मला लख्ख आठवतं, पण तो इटलीहून आलाय हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुमच्यापैकी कुणी घरातल्या अशा माणसाचा माग काढलाय का, आणि कसा? दोन, आमच्या गावात १५ ऑगस्टला स्वातंत्र्यसैनिकांची नावं वाचली जातात. ती वाचलीच पाहिजेत. पण याच गावातून १९१४ ला आणि १९३९ ला गेलेल्यांचं नाव कुणी काढत नाही. घरातही त्यांच्याबद्दल जरा अवघडल्यासारखं बोललं जातं, "इंग्रजांच्या नोकरीत होते" असं. मला हे बरोबर वाटत नाही. तुमचं मत सांगा.

माणदेशी
धागा वर काढून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो. आमच्याकडं घराआड एक फौजी आहे.

बेळगावकर
@वाशिष्ठीकाठ, ती फीत इटली स्टारची. सगळ्यात आधी नंबर शोधा. नावाने काही हाती लागत नाही. एकाच पलटणीत एका नावाचे दहा-दहा शिपाई असायचे. डिस्चार्जच्या कागदावर नंबर असतोच. कागद वाचता येत नसेल तर पदकांच्या कडा बघा. विलायतेतल्या गोऱ्या सैनिकांना दुसऱ्या युद्धाची पदकं कोरी मिळाली, पण हिंदी सैन्यातल्यांच्या पदकांच्या कडेवर बऱ्याचदा नंबर, नाव आणि रेजिमेंट कोरलेली सापडते. भिंगातून बघा.

नंबर मिळाला की बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करा. नंबर, हुद्दा, नाव, गाव, तालुका आणि तुमचं नातं लिहा. गावाचं नाव तेव्हाच्या जिल्ह्यासकट घाला: रत्नागिरी, कुलाबा, सातारा असं. शीट रोल, म्हणजे शिपायाच्या नोकरीची नोंद, शिल्लक असेल तर भरतीची तारीख, बटालियन, रजा, जखमा सगळं कळतं. उत्तराला वेळ लागतो, धीर धरा. सेंटरमध्ये रेजिमेंटचं म्युझियमही आहे, बेळगावला आलात तर बघून जा.

नाण्यांचा_नाद
पदकं ब्रासो लावून घासू नका!! हात जोडून सांगतो. कडेवरची अक्षरं उथळ असतात, दरवर्षी दसऱ्याला घासून घासून सपाट झालेली पदकं मी पाहिलीत. मऊ कोरड्या फडक्याने पुसा आणि आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवा.

पहिल्या युद्धाचं राजाचा मुखवटा असलेलं पदक सापडलं तर ते बहुधा चांदीचं असतं. म्हणूनच ती फारशी उरली नाहीत. आमच्या तालुक्यात किती पदकांची जोडवी झाली असतील देव जाणे. माझ्या पणजीने तर सरळ सांगितलं होतं, "राजा पेटीत बसून काय करतोय, त्यापरास माझ्या पायात बरा."

कोकणी_काकू
@नाण्यांचा_नाद, तुमच्या पणजीला साष्टांग नमस्कार. 😄

सडेतोड
दुसऱ्या प्रश्नावर माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो. या माणसांच्या शौर्याबद्दल शंका नाही. पण १९१४ ला इराकात बसऱ्याला जाणं काय किंवा १९४३ ला इटलीला जाणं काय, ते साम्राज्य टिकवायचंच काम होतं. ज्या वर्षी मुंबईच्या गवालिया टँकवर ‘चले जाव’ची घोषणा झाली त्याच वर्षी भरतीच्या कचेऱ्यांपुढे रांगा होत्या. साताऱ्यात प्रतिसरकारची माणसं जीव मुठीत धरून डोंगरात फिरत होती आणि त्याच जिल्ह्यातले लोक राजाच्या नावाने शपथ घेत होते. दोघांची नावं एकाच फलकावर लावायची? घरात आठवण जरूर जपा. पण गावाने गौरव करायचा तर कशासाठी केला हे सांगता आलं पाहिजे.

कोकणी_काकू
सडेतोड, तुमचं म्हणणं वाचलं. राग नाही, पण उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या खेड तालुक्यात भात चार महिने पुरायचं. त्यानंतर नाचणी, वरी, आणि शिमग्यानंतर तीही नाही. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत नाहीतर पलटणीत, एवढेच दोन रस्ते होते. माझे सासरे सोळाव्या वर्षी अठरा सांगून भरती झाले. छाती भरावी म्हणून दम रोखून उभे राहिले होते, हे ते स्वतः सांगत. साम्राज्य टिकवायला नाही गेले ते; पाठची चार भावंडं टिकवायला गेले. त्यांची मनिऑर्डर आली की सासूबाईंच्या सासूबाई आधी वाण्याचं देणं फेडायच्या, मग मीठ-मिरची, मग उरलं तर शाळेची फी. त्या फीवर माझे चुलतसासरे मास्तर झाले आणि पुढे त्यांनी गावात शाळा काढली. ती शाळा कुणाच्या खात्यावर मांडायची?

पोष्टमन दिसला की बायका दारात येऊन उभ्या राहायच्या पण पुढे जायच्या नाहीत, असं सासूबाई सांगायच्या. मनिऑर्डर आहे की तार, हे त्याच्या तोंडावरून ओळखायचं.

डोंगरवाट
काकू +१

माणदेशी
आता बसून लिहितो. सडेतोडनी साताऱ्याचा विषय काढला ते बरं झालं, कारण आमच्या घरात दोन्ही होतं.

आजोबांचे थोरले भाऊ पलटणीत होते. मधले भाऊ बेचाळीसनंतर भूमिगतांना भाकरी पोचवायचे, निरोप न्यायचे. पोलिसांची धाड आली की पणजी थोरल्याचा वर्दीतला फोटो भिंतीवर पुढं करायची. "ह्यो माझा ल्योक सरकारसाठी लढतोय आन् तुम्ही माझ्या घरात शिरताय?" असा दम द्यायची. फौजदार चुळबुळत माघारी जायचा. ज्या कणगीत भूमिगतांचे कागद लपवलेले असायचे तिच्याच वर तो फोटो टांगलेला होता.

शेहेचाळीसला थोरले परत आले. दोघे भाऊ भांडले का? तर नाही. ते एका ताटात जेवले आणि तीन महिन्यांत दोघांनी मिळून विहीर खणली. मधल्या आजोबांना पुढं स्वातंत्र्यसैनिकाचं ताम्रपट मिळालं. थोरल्यांची पेन्शन बसली नाही, कारण नोकरीची वर्षं कमी पडली. घरात कुणी कुणाला कमी लेखलं नाही. मग गावानं का निवड करावी हे मला समजत नाही.

आमच्या जिल्ह्यातलं अपशिंगे सगळ्यांना ठाऊक असेलच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. तिथं स्मारक आहे, आणि आजही घराघरात फौजी आहे. तिथल्या लोकांना कुणी विचारावं की हे नाव पुसायचं का.

कामठी_रस्ता
चर्चेत एक बाजू सुटतेय ती मांडतो. भरतीचा रस्ता सगळ्यांना उघडा नव्हता.

मुंबई इलाख्याच्या जुन्या सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते हे सगळ्यांना माहीत आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘लढाऊ जाती’चं खूळ निघालं आणि आमची भरती बंद झाली. पिढ्यान् पिढ्या पलटणीवर जगलेल्या घरांची चूल विझली. त्यासाठी अर्ज झाले, शिष्टमंडळं गेली. पहिल्या युद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ ला मोडूनही टाकली. पुन्हा वीस वर्षं दार बंद. शेवटी ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, दुसरी कामठीला. बाबासाहेबांनी त्यासाठी सतत पाठपुरावा केला होता.

माझे आजोबा कामठीच्या त्या पहिल्या भरतीतले. आमच्या घरी "इंग्रजांची नोकरी" असं कुणी कधी म्हटलं नाही. घरात म्हणायचे, "आपली पलटण परत मिळवली." ज्या गावात विहिरीवर पाणी भरू देत नव्हते तिथे ते बूट वाजवत, टोपीवर बिल्ला लावून रजेवर आले. पाटलाच्या वाड्यावरून सरळ चालत गेले, वाकले नाहीत. आजी हा प्रसंग सांगायची तेव्हा दरवेळी उठून उभी राहायची आणि ते कसे चालले हे करून दाखवायची.

तेव्हा सडेतोड, साम्राज्य कुणाचं, हा तुमचा प्रश्न बरोबरच आहे. पण गाव कुणाचं होतं, हाही विचारा.

सडेतोड
@कामठी_रस्ता, ही बाजू माझ्या मांडणीत नव्हती. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि आत्ता द्यायचंही नाही. विचार करतो.

संगमनेरी
आमच्या तालुक्यातलं निमज हे नामदेव जाधवांचं गाव. @वाशिष्ठीकाठ, ते तुमच्या आजोबांच्याच जंगी पलटणीतले. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. कंपनीचं त्यांचं पथक नदीत उतरलं आणि पलीकडच्या काठावरून मशीनगनचा मारा सुरू झाला. कंपनी कमांडर आणि दोघे जखमी, बाकीचे बहुतेक पडले. हा गडी कंपनी कमांडरचा रनर, म्हणजे निरोप्या. त्याने एका जखमीला खोल पाण्यातून, चढ्या बंधाऱ्यावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पाठीवर सुरक्षित जागी नेलं. परत आला आणि दुसऱ्याला नेलं. मग परत येऊन त्याने एकट्याने मशीनगनची ठाणी उडवली. हाताला गोळी लागली, टॉमीगन धरवेना, तर ती टाकून बॉम्ब फेकायला लागला. सगळं गप्प झाल्यावर बंधाऱ्याच्या माथ्यावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि बाकीच्या कंपन्यांना बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते जिवंत परत आले. १९८४ ला पुण्यात वारले.

माझ्या आजोबांनी त्यांना संगमनेरच्या बाजारात पाहिलं होतं. सांगायचे, "साधा माणूस, कांद्याचा भाव विचारत होता."

रायगडवाला
संगमनेरीनी जाधवांचं लिहिलं, मी आमच्या माणगावच्या यशवंत घाडगेंचं लिहितो. पळसगावचे. नाईक, तिसरी बटालियन. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या सेक्शनमधले सगळे पडले, हे एकटे उभे. मशीनगनवर धावून गेले, बॉम्बने ती उडवली. टॉमीगनची मॅगझीन संपली, बदलायला वेळ नव्हता, तर नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना ठोकलं. ठाणं घेतलं आणि तिथेच त्यांना गोळ्या लागल्या. वय २२.

माणगावात पुतळा आहे. एसटीतून जाताना सगळे बघतात, पण कोण म्हणून विचारा, निम्म्यांना सांगता येणार नाही. त्यांचा देह सापडला नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. इटलीतल्या मोन्तोने गावात जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलं. इटलीतल्या गावाला आठवण ठेवावीशी वाटते तर आपल्याला अवघडल्यासारखं का व्हावं?

लेस्टरवासी
इथे इंग्लंडमध्ये राहून एक गोष्ट फार जाणवते, ती सांगतो.

जंगी पलटण आठव्या हिंदी डिव्हिजनच्या २१ व्या ब्रिगेडमध्ये होती. ब्रिगेडमध्ये तीन बटालियन: रॉयल वेस्ट केंटची पाचवी, मराठ्यांची पहिली, आणि १५ व्या पंजाब रेजिमेंटची तिसरी. म्हणजे एक गोरी, दोन हिंदी. हीच त्या काळची रीत. आमच्या शेजारच्या आजींचे वडील त्या रॉयल वेस्ट केंटमध्ये होते. त्याच नद्या, तोच चिखल. त्यांच्याकडे फोटोंचा आल्बम आहे, घरी लिहिलेली पत्रं आहेत, कंपनीचा गट-फोटो प्रत्येकाच्या नावानिशी आहे. दर नोव्हेंबरला गावातल्या स्मारकावर फूल ठेवतात. माझे चुलत आजोबा त्यांच्यापासून मैलभर अंतरावर लढले आणि आमच्या घरी त्यांचा एकही फोटो नाही. ते लिहू शकत नव्हते. पत्रं कंपनीतला एकजण लिहून द्यायचा, आणि ती पावसात घराबरोबर गेली.

म्हणून मी कागदांकडे वळलो. लंडनला क्यू इथे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तिथे इटलीच्या आघाडीवरच्या युनिटांच्या वॉर डायऱ्या, म्हणजे रोजच्या नोंदवह्या, ‘डब्ल्यूओ १७०’ या मालिकेत आहेत. शौर्यपदकांच्या शिफारशी ‘डब्ल्यूओ ३७३’मध्ये, त्या ऑनलाइन शोधता येतात आणि हिंदी सैन्याच्याही आहेत. डायरीत शिपायाचं नाव क्वचित येतं. पण कुठल्या रात्री कंपनी कुठे होती, पाऊस होता का, जेवण किती वाजता पुढे गेलं, हे येतं. एका नोंदीत खेचरं चिखलात रुतल्याने रेशन डोक्यावर वाहून नेल्याचं वाचलं आणि मी तिथेच थांबलो. आजोबांची मान थोडी डावीकडे कललेली असायची असं वडील सांगतात. त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही, पण त्या दिवशी मला तो जोडावासा वाटला.

आणि एक. सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानात दफन केलेल्यांच्या कबरी आहेत, आणि दहन केलेल्या हिंदी सैनिकांसाठी वेगळं स्मारक आहे, त्यावर नावं कोरलेली आहेत. नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात, पण स्पेलिंग हजार तऱ्हेचं: ‘जाधव’ तीन प्रकारे लिहून बघा, आडनाव सोडून फक्त नाव आणि वडिलांचं नाव घालूनही बघा.

चित्रवेडी
जंगी पलटणीचं नाव आलंच आहे तर माझी आवडती गोष्ट सांगते, थोडी अवांतर. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या अलीकडे मोन्तेगुफोनी नावाच्या जुन्या गढीत उफिझी संग्रहालयातली चित्रं बॉम्बपासून वाचवायला आणून ठेवली होती. बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’सुद्धा. लढता लढता तिथे पोचली ती आठवी हिंदी डिव्हिजन, आणि गढीत मुक्काम पडला मराठ्यांचा. जगातली सगळ्यात मोलाची चित्रं भिंतीला टेकवलेली, आणि पहाऱ्याला साताऱ्या-रत्नागिरीची पोरं. मी कला शिकवते. वर्गात ते चित्र दाखवताना हे आवर्जून सांगते, मुलं ताठ होऊन बसतात.

वाशिष्ठीकाठ
@चित्रवेडी, अंगावर काटा आला. आजोबा तिथे असतील का?

डोंगरवाट
@वाशिष्ठीकाठ, पहाऱ्यावर असतील तर म्हणाले असतील, "बाई फुलं उधळते, कपडे पातळ, थंडीनं मरेल."

चित्रवेडी
😂 @डोंगरवाट, हे पुढच्या वर्षी वर्गात सांगणार.

गुहागरची_लेक
मी खूप दिवस विचार करत होते लिहू की नको. आमचं दुःख पहिल्या युद्धातलं आहे.

माझे खापरपणजोबा ११७ व्या मराठा पलटणीत होते. नोव्हेंबर १९१४ ला इराकच्या किनाऱ्यावर फाओला सगळ्यात आधी उतरलेल्या ब्रिगेडमध्ये त्यांची पलटण होती, गोऱ्यांच्या डॉर्सेट रेजिमेंटबरोबर. तिथून बसरा, मग तैग्रिसच्या काठाने वर वर. नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या दारात टेसिफोनला अडले, माघारी कुट-अल-अमाराला आले आणि वेढले गेले. ७ डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा. तीन मराठा पलटणी आत होत्या: १०३, ११० आणि ११७. पीठ घटत गेलं. तोफांचे घोडे कापायची वेळ आली. आपल्यापैकी बहुतेकांनी ते मांस बराच काळ खाल्लं नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली तरी मन होईना. लोक गवत-पाला उकडून खायचे. हिरड्यांतून रक्त यायचं. शरणागतीनंतर वाळवंटातून पायी नेलं, आणि पुढे रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला जुंपलं. खापरपणजोबा त्या वाटेवर कुठेतरी गेले. कुठे, ते कळलं नाही.

घरी आधी फक्त ‘बेपत्ता’ असं आलं. खापरपणजी तीन वर्षं कुंकू लावत होती. शेजारणी कुजबुजायच्या. युद्ध संपलं, कैदी परतले, त्यांच्यातल्या एकाने गुहागरला येऊन सांगितलं तेव्हा तिने बांगड्या उतरवल्या. त्यानंतर सरकारकडून, युद्धात मेलेल्यांच्या घरी पाठवायचे ती, काशाची गोल तबकडी आली. ब्रिटानिया, सिंह, आणि त्यांचं नाव. हुद्दा नाही, मरणारे सगळे सारखे म्हणून हुद्दा घालायचा नाही असं ठरलेलं होतं. कडेने इंग्रजीत लिहिलंय की हा स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला. @सडेतोड, हे वाचून तुम्हाला जे वाटेल ते मलाही वाटतं. कुणाचं स्वातंत्र्य?

पण एक सांगते. खापरपणजीला वाचता येत नव्हतं. तिने ती तबकडी ताकाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवली. चाळीस वर्षं. रोज हाताळायची, राखेने घासायची. नावाचा उंचवटा त्यामुळे गुळगुळीत झालाय, बोट फिरवलं तरच कळतो. आईने ती उचलून कपाटात ठेवली तेव्हा म्हातारी दोन दिवस जेवली नव्हती.

बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर नावांचा हिशोब आहे, त्यात आपल्या शिपायांची नावं भिंतीवर कोरलेली नव्हती. पलटणीप्रमाणे फक्त आकडा. गोऱ्या शिपायाचं नाव दगडावर, आपल्याचं नोंदवहीत. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननेच अहवाल काढून हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं आणि माफी मागितली. तेव्हा गावाने नाव वाचावं का, या प्रश्नाला माझं उत्तर सोपं आहे. ज्यांच्यासाठी मेले त्यांनी नाव लिहिलं नाही. आपणही लिहायचं नाही?

कोकणी_काकू
लेकी, वाचवेना पुढे. ती तबकडी जप.

नाण्यांचा_नाद
@गुहागरची_लेक, तिला पॉलिश करू नका आणि कुणाला विकूही नका. बाजारात अशा तबकड्यांना गिऱ्हाईक असतं, घरी येऊन गोड बोलून नेतात. फोटो काढून ठेवा, तिरप्या उजेडात काढलात तर झिजलेली अक्षरं उठून दिसतील.

तोब्रुकचा_नातू
आमचे आजोबा काळी पाचवी, म्हणजे दुसरी बटालियन. जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा पकडले गेले. तिथून इटलीत, अवेझ्झानोच्या कैद्यांच्या छावणीत. सप्टेंबर १९४३ ला इटलीने हात वर केले तेव्हा गोंधळात कित्येक जण डोंगरात पळाले, त्यात आमचे आजोबा. एका मेंढपाळाच्या घरात हिवाळा काढला. भाषा येत नव्हती. त्या घरातल्या म्हातारीला ते ‘मावशी’ म्हणायचे आणि ती ‘ओ’ द्यायची.

आमच्या घरात वाद होता तो वेगळाच. त्यांच्याबरोबरचे दोघे जर्मनीत गेले आणि नेताजींच्या आझाद हिंद फौजेच्या तिथल्या दलात सामील झाले. आजोबा गेले नाहीत. चुलत्यांनी त्यांना म्हातारपणी विचारलं, "का नाही गेलात?" ते म्हणाले, "शपथ घेतली होती." चुलते म्हणाले, "कुणाची?" ते गप्प बसले. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "ते गेले तेही बरोबर, मी राहिलो तेही." मला अजून यावर ठाम काही म्हणता येत नाही, पण त्या दोघांपैकी एकजण दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला यायचा.

फौजी_पोरगा
वातावरण जड झालंय म्हणून. आजोबांनी युद्धातून तीन गोष्टी आणल्या: चहात डब्यातलं दूध, पहाटे पाचला दाढी आणि आम्हा नातवंडांची परेड. उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात ‘फॉलिन’! अंथरुणाची घडी चौकोनी झाली नाही तर परत. आजीलाही एकदा "उशीर का?" विचारलं. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही, डब्यातल्या दुधाचाही.

मावळतीकडून
फौजी_पोरगा, आमच्याकडेही परेड होती, शिक्षा म्हणून विहिरीचं पाणी शेंदायला लागायचं. 😀

एक विचारायचं होतं. आमचे आजोबा चौथ्या बटालियनमध्ये, ब्रह्मदेशाच्या बाजूला होते एवढंच माहीत आहे. ‘सांगशाक’ असं काहीतरी म्हणायचे. कुणाला कल्पना?

सडेतोड
विचार करून आलोय. माझं मूळ म्हणणं सोडलेलं नाही: साम्राज्याच्या लढाईचा गौरव मी करणार नाही. पण नावं वाचण्याला माझा विरोध होता तो मागे घेतो. गावाच्या फलकावर नावं असावीत, आणि प्रत्येक नावापुढे साल, पलटण आणि ठिकाण असावं. ‘देशासाठी शहीद’ असं सरसकट लिहू नये. ‘११७ वी मराठा पलटण, कुट, १९१६’ एवढं पुरे. वाचणारा काय समजायचं ते समजेल. @कामठी_रस्ता, आणि महार पलटणीतल्यांची नावं त्याच फलकावर, त्याच ओळीत. वेगळ्या कोपऱ्यात नको.

कामठी_रस्ता
हे मान्य.

माणदेशी
आमच्या ग्रामसभेत मांडतो. मधल्या आजोबांचं ताम्रपट आणि थोरल्यांचा फोटो दोन्ही घेऊन जाणार.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. @बेळगावकर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे भिंग लावलं. कडेवर नंबर आहे, शेवटचे दोन आकडे पुसट पण डिस्चार्जच्या कागदाशी जुळतात. अर्ज आज रजिस्टर पोस्टाने धाडला. वाडीतल्या बाकी घरांतही विचारत फिरलो. एका घरात माणूस आठवणारं कुणी उरलं नाही, पण देव्हाऱ्याच्या मागे पदक मिळालं, त्याचाही नंबर लिहून घेतलाय. हाच नंबर वेगळ्या अर्जात पाठवायचा की एकाच पत्रात चालेल?

बेळगावकर
@वाशिष्ठीकाठ, प्रत्येक माणसाचा वेगळा अर्ज करा, आणि शेजाऱ्यांकडून सहीचं संमतिपत्र जोडा. नातेवाईक नसलेल्याला माहिती देत नाहीत.

@मावळतीकडून, बरोबर ऐकलंय, सांगशाकच. मणिपूरमधलं उखरूलच्या अलीकडचं गाव. मार्च १९४४ मध्ये जपानी इम्फाळ-कोहिमावर आले तेव्हा ५० व्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठ्यांची चौथी बटालियन तिथे अडकली होती. टेकडीवर पाणी नाही, काटेरी तारा नाहीत, विमानातून टाकलेलं रेशन अर्धं शत्रूच्या हातात. तरी त्यांनी जपान्यांना काही दिवस रोखून धरलं आणि मागे कोहिमा-इम्फाळला तयारीला वेळ मिळाला. त्या बटालियनची हालचाल शोधायची तर ब्रह्मदेश आघाडीच्या वॉर डायऱ्या ‘डब्ल्यूओ १७२’मध्ये बघा. आजोबांचं पदक असेल तर फीत बघा, मधे तांबडा पट्टा, बाजूला गडद निळे आणि नारिंगी असेल तर बर्मा स्टार. आणि घरी कुणी म्हातारं माणूस असेल तर आज रात्रीच फोन लावा, उद्यावर टाकू नका.

मावळतीकडून
मोठ्या आत्या आहेत, ८८ वर्षांच्या. लावतो लगेच.